गिव्हवेलचा हिशेब: शिफारस घ्या, पण तक्ता उघडून बघा

गिव्हवेल स्वतः एकही मच्छरदाणी वाटत नाही, एकाही मुलाला गोळी देत नाही. गरीब देशांतल्या आरोग्य कार्यक्रमांपैकी कुठे घातलेला डॉलर सर्वांत जास्त कामी येईल याचा हिशेब ती मांडते, तो कोणालाही पाहता येईल असा उघडा ठेवते आणि देणगीदारांचे पैसे त्या हिशेबानुसार पुढे पाठवते. एली हॅसनफेल्ड आणि होल्डन कार्नोफ्स्की या दोघांनी २००७ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली. दोघेही त्याआधी ब्रिजवॉटर या हेज फंडात, म्हणजे गुंतवणूक कंपनीत, होते आणि ती सवय संस्थेत अजून दिसते: आधी आकडा दाखवा, मग गोष्ट सांगा. २०२४ या वर्षात तिने सुमारे ४० कोटी डॉलर मार्गी लावले.

अशा संस्थेचे परीक्षण करताना आरोग्य कार्यक्रमांचे गोडवे गाऊन भागत नाही. तपासायचा तो हिशेब. आमचे मत आधीच सांगतो. उघडी ठेवलेली आकडेमोड हा गिव्हवेलचा सर्वांत भक्कम माल आहे, आणि ‘इतक्या डॉलरमध्ये एक जीव वाचतो’ ही संख्या सर्वांत कच्चा. दुर्दैवाने बाहेर फिरते ती दुसरी.

सध्या तिच्या अव्वल यादीत चार कार्यक्रम आहेत. मलेरिया कन्सोर्शियम आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात पावसाळ्याच्या महिन्यांत लहान मुलांना मलेरियाप्रतिबंधक औषध देते. अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांसाठी पैसे पुरवते. हेलन केलर इंटरनॅशनल व्हिटॅमिन ए चे डोस पोहोचवते. न्यू इन्सेन्टिव्हज उत्तर नायजेरियात बाळाला लस टोचून घेणाऱ्या आयांना रोख रक्कम देते. एक जीव वाचवण्याचा खर्च या चारही ठिकाणी साधारण ३,००० ते ५,५०० डॉलरच्या पट्ट्यात धरला जातो. यादी एवढी आखूड का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये निकष कडक केले गेले आणि जंतनाशकाचे चार कार्यक्रम व रोख रक्कम थेट देणारी गिव्हडायरेक्टली यादीबाहेर गेली. त्यांचे काम वाईट ठरले म्हणून नव्हे. अव्वल यादीसाठी ‘परिणाम होणार याची दाट शक्यता’ आणि ‘नुसत्या रोख रकमेपेक्षा कितीतरी पट जास्त उपयोग’ अशा दोन्ही अटी आल्या. जंतनाशक पहिलीत अडकले, रोख रक्कम दुसरीत.

आता तक्ता, म्हणजे गिव्हवेल ज्यात हा खर्च-परिणामाचा हिशेब मांडते ती स्प्रेडशीट. पावसाळी मलेरिया औषधाचा हिशेब समजला की बाकीचे तिन्ही समजतात. औषध दोन गोळ्यांचे असते, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन आणि अमोडायक्विन. ३ ते ५९ महिन्यांच्या मुलांना दर २८ दिवसांनी एक फेरी, अशा हंगामात चार किंवा पाच फेऱ्या. पहिल्या दिवशीचा डोस आरोग्यसेवकासमोर, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीची अमोडायक्विनची गोळी घरी आईने द्यायची. एका मुलामागे हंगामाचा खर्च ७ डॉलरच्या आसपास धरा.

पद्धत कळावी म्हणून सोप्या संख्या घेऊन हातानेच मांडू. या संख्या गिव्हवेलच्या नाहीत. १० लाख डॉलरमध्ये सुमारे १,४३,००० मुले. त्या भागात या वयाच्या दर हजार मुलांमागे वर्षाला ४ मलेरियाने दगावतात असे समजा, म्हणजे ५७१. त्यांपैकी ७० टक्के मृत्यू औषधाच्या महिन्यांत होतात, म्हणजे ४००. औषध नियमाने घेतले तर ७५ टक्के आजार टळतो, म्हणजे ३००. पण सगळ्यांच्या पोटात पूर्ण डोस जात नाही, म्हणून ८० टक्केच धरा: २४०. भागाकार केला की एका जिवामागे सुमारे ४,१७० डॉलर.

आता यातली फक्त एक संख्या बदला. हजारी ४ ऐवजी २ मृत्यू धरले तर खर्च थेट ८,३०० च्या वर जातो. औषध तेच, संस्था तीच, फक्त जिल्हा वेगळा. त्यामुळे ‘कोणती संस्था’ यापेक्षा ‘कोणत्या राज्यात, कोणत्या वर्षी’ हा प्रश्न मोठा ठरतो. गिव्हवेल ते जाणते आणि देश व राज्यवार वेगळे रकाने ठेवते. मात्र मृत्युदराची ती मूळ संख्या कुठून येते? ज्या भागात निम्मे मृत्यू कुठल्याही नोंदवहीत चढत नाहीत तिथे ती मोजलेली नसते, सिअॅटलच्या आयएचएमई या आरोग्याची आकडेवारी मांडणाऱ्या संस्थेच्या संगणकीय प्रारूपातून आलेली असते. तक्त्यात ती दोन दशांशांपर्यंत दिसते म्हणून पक्की वाटते, एवढेच.

दुसरी कच्ची जागा म्हणजे घरचा डोस. चाचण्यांमधला सुमारे ७५ टक्क्यांचा परिणाम पूर्ण तीन दिवसांच्या औषधावर उभा आहे. अमोडायक्विन कडू, मूल ओकते, किंवा पहिल्या गोळीनंतर ताप नाही असे पाहून उरलेली गोळी ‘पुढे लागेल’ म्हणून जपून ठेवली जाते. सर्वेक्षणात विचारले की बहुतेक पालक ‘दिली’ म्हणतात. मलेरिया कन्सोर्शियमच्या व्याप्ती सर्वेक्षणांवर गिव्हवेलने वेळोवेळी शंका लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या कार्यक्रमाच्या स्तुतीखालीच सापडतात. ते परिच्छेद आधी वाचावेत.

मच्छरदाण्यांचे गणित वेगळ्या ठिकाणी फसते. मोहीम दर तीन वर्षांनी होते, लोकसंख्या भागिले १.८ या सूत्राने दाण्यांची संख्या ठरते. पण प्रत्यक्षात दाणी तीन वर्षे टिकत नाही. फाटते, धुऊन तिचे औषध उतरते, क्वचित मासेमारीला जाते. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दाण्यांमुळे बालमृत्यू १७ टक्क्यांनी घटलेले दिसतात, पण त्या चाचण्या जुन्या आहेत, पायरेथ्रॉइड या दाण्यांवरच्या नेहमीच्या कीटकनाशकाला डास सरावले नव्हते तेव्हाच्या. आता पीबीओ किंवा क्लोरफेनापिर या रसायनाची जोड असलेल्या दाण्या लागतात. क्लोरफेनापिरच्या दाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३ मध्ये केली. त्यामुळे तक्त्यात दाणीचा प्रकार कोणता धरला आहे हे न बघता दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले तर तुलना फसवी होते.

व्हिटॅमिन ए वर मात्र गिव्हवेलने जे केले ते शिकवणीत वापरण्याजोगे आहे. डोस सोपा: ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख आययू (आंतरराष्ट्रीय एकके), १२ ते ५९ महिन्यांच्या मुलाला २ लाख आययू, दर चार ते सहा महिन्यांनी. जुन्या चाचण्या एकत्र केल्या तर बालमृत्यू साधारण एक चतुर्थांशाने घटतात. मग २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर प्रदेशातल्या ‘देवता’ (DEVTA) नावाच्या चाचणीचा निकाल आला. मुले सुमारे १० लाख, म्हणजे बाकी सगळ्या चाचण्यांच्या एकत्रित संख्येपेक्षा मोठी, आणि परिणाम जेमतेम ४ टक्के, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. देवता धरून हिशेब केला की परिणाम सुमारे १२ टक्क्यांवर येतो. काही जाणकारांनी देवतातल्या देखरेखीवर आक्षेप घेतले. काहींच्या मते आता मुलांमध्ये व्हिटॅमिनची कमतरताच कमी झाली आहे, गोवराची लस पोहोचली आहे, म्हणून जुना परिणाम दिसणारच नाही. गिव्हवेल दोन्ही म्हणणी टाकून देत नाही. आज त्या देशात कमतरता किती आहे याचा वेगळा अंदाज घेते आणि परिणाम त्या प्रमाणात कापते. कापणी किती असावी यावर भांडता येते, पण भांडायला जागा ठेवली आहे, हेच या सेवेचे वैशिष्ट्य.

जंतनाशकाच्या बाबतीत तर कापणी इतकी मोठी आहे की पहिल्यांदा पाहणारा दचकतो. पश्चिम केनियातल्या बुसियाजवळच्या ७५ शाळांवरचा मिगेल आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आणि त्याच मुलांचा पुढच्या अनेक वर्षांचा पाठपुरावा असे सुचवतो की लहानपणी जंताची गोळी मिळालेल्यांची पुढे कमाई वाढते. गोळी अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, एका मुलामागे वर्षाला एक डॉलरहून कमी खर्च. परिणाम खरा असेल तर याच्याइतका स्वस्त उपाय नाही. पण तो मुख्यतः एकाच ठिकाणच्या पुराव्यावर उभा आहे आणि अभ्यासाच्या काळात त्या भागात पुराने जंतांचा प्रादुर्भाव वाढला होता. म्हणून गिव्हवेलने मोजलेल्या परिणामाला बराच काळ ०.१३ ने गुणले, म्हणजे ८७ टक्के सरळ सोडून दिला. आणि तरीही कित्येक देशांत हिशेब फायद्याचा निघत राहिला! यावरून दोन निष्कर्ष काढता येतात: इतके कापूनही टिकते म्हणून द्यावे, किंवा इतके कापावे लागते म्हणून देऊ नये. आणि गिव्हवेलच्या वाचकांत दोन्ही पक्ष आहेत.

तक्त्यात आणखी दोन ओळी असतात ज्यांच्यावर नवखा वाचक नजर टाकत नाही. पहिली ‘फंजिंग’. आपण दाण्यांना पैसे दिले नसते तर ग्लोबल फंडाने (एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीच्या जागतिक निधीने) ते दिले असते का? दिले असते तर आपल्या देणगीमुळे दाणी वाढली नाही, ग्लोबल फंडाचे पैसे मोकळे होऊन दुसरीकडे गेले. ते दुसरे काम कितपत उपयोगी, यावर आपल्या देणगीची किंमत ठरते. दुसरी ओळ उलट दिशेची: आपल्या पैशामुळे सरकारने स्वतःचे पैसे घातले का. या दोन ओळींना कुठल्याही चाचणीचा आधार नसतो, त्या अनुभवी माणसाच्या अंदाजाने भरल्या जातात, आणि शेवटची संख्या त्या सहज २०-३० टक्के हलवतात.

मग येतो नैतिक वजनांचा भाग. एका माणसाचे उत्पन्न एका वर्षासाठी दुप्पट करणे म्हणजे १ गुण, असे धरले तर पाच वर्षांखालील एका मुलाचा मृत्यू टाळणे म्हणजे साधारण ११५ ते १२०. ही संख्या ठरवताना ६० टक्के वजन देणगीदारांच्या सर्वेक्षणाला, ३० टक्के घाना आणि केनियातल्या लोकांच्या सर्वेक्षणाला, १० टक्के कर्मचाऱ्यांच्या मताला दिले गेले. ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्यांचे मत ३० टक्के आणि ज्यांच्या खिशाचा आहे त्यांचे ६०, हे खटकते. घाना-केनियातले सर्वेक्षण आयडीइनसाइट या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये केले होते आणि त्यातली माणसे लहान मुलाच्या जिवाला देणगीदारांपेक्षा जास्त किंमत देत होती. ज्याला हे पटत नाही त्याने तक्त्याची प्रत करून तो एक कप्पा बदलावा. जीव वाचवणारे कार्यक्रम वर सरकतात, कमाई वाढवणारे खाली. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि प्रत्येक गंभीर देणगीदाराने एकदा करून बघावे.

गुणांवरून ‘रोख रकमेच्या किती पट’ हे माप निघते. २०२२ मध्ये अनुदानाची किमान रेषा १० पटींवर नेली. पैसे किती हाती आहेत यानुसार ती हलते. इथे एक सापळा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गिव्हवेलने गिव्हडायरेक्टलीचा नवा हिशेब काढला आणि रोख रक्कम पूर्वीच्या अंदाजापेक्षा ३ ते ४ पट उपयोगी ठरली, कारण एका घरात आलेले पैसे गावात फिरतात आणि शेजाऱ्यांचेही उत्पन्न वाढवतात. पण मोजपट्टी बदलली तर जुने सगळे आकडे गोंधळतील म्हणून जुनीच पट्टी कायम ठेवली. परिणामी आज ‘१० पट’ म्हणजे आजच्या गिव्हडायरेक्टलीच्या दहापट नव्हे, जेमतेम तिप्पट. हे लिहून ठेवले आहे, पण ज्या पानांवर ‘१० पट’ छापले जाते तिथे ते ठळक दिसत नाही. सुधारायला हवे.

चुकांबद्दल. २०११ मध्ये गिव्हवेलने विकसनशील देशांतल्या रोगनियंत्रणावरच्या एका प्रतिष्ठित ग्रंथातली जंतनाशकाची संख्या तपासली. ३.४१ डॉलरमध्ये निरोगी आयुष्याचे एक वर्ष, असे त्यात छापले होते. मूळ तक्ता मागवून पाहिल्यावर पाच स्वतंत्र चुका सापडल्या. दुरुस्त संख्या ३२६.४३ डॉलर निघाली, जवळजवळ शंभरपट. गिव्हवेलची पत याच कामाने वाढली. पण हे काम तिच्याच आकड्यांनाही लागू होते, आणि तिने ‘आमच्या चुका’ असे एक पानच ठेवले आहे. त्यात २००७ अखेरीस संस्थापकांनी टोपणनावाने आपल्याच संस्थेची भलामण केली होती, ही लाजिरवाणी नोंदही आहे.

अव्वल यादीही चुकते. बांगलादेशात मोंगा म्हणजे उपासमारीच्या हंगामात शहरात कामाला जाण्यासाठी छोटे कर्ज देणारा एव्हिडन्स अॅक्शन या संस्थेचा कार्यक्रम २०१७ मध्ये यादीत आला. छोट्या चाचणीत तो उत्तम चालला होता. मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा जास्त लोक गावाबाहेर गेलेच नाहीत. वर्षभरात तो यादीतून निघाला. छोट्या चाचणीतले कर्मचारी निवडक असतात, विस्तारताना तशी माणसे मिळत नाहीत. आरोग्यातही हेच होते.

पैशाच्या नियोजनात गिव्हवेलचा अंदाज सर्वांत वाईट चुकला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने २०२५ पर्यंत वर्षाला १०० कोटी डॉलर मार्गी लावण्याइतके वाढण्याचे लक्ष्य जाहीर केले. त्यानंतर बाजार पडला, सर्वांत मोठ्या देणगीदाराने, म्हणजे ओपन फिलान्थ्रॉपीने, २०२२ साठीची ५० कोटींची तयारी ३५ कोटींवर आणली, आणि नवे कार्यक्रम उभे करायला सांगितलेल्या संस्थांना अचानक ‘रेषा वर गेली आहे’ असे ऐकावे लागले. २०२४ चे ४० कोटी त्या लक्ष्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाहीत. म्हणून पुढच्या योजना वाचताना निधीचा अंदाज बाजूला ठेवावा आणि संशोधनाचे काम काय आखले आहे तेवढेच पाहावे.

त्या दृष्टीने अलीकडचा काळ भरीव आहे. २०२२ मध्ये बाहेरच्या टीकाकारांसाठी स्पर्धा घेतली, पहिली बक्षिसे प्रत्येकी २०,००० डॉलरची. विजेत्यांपैकी एका लेखाने अनिश्चिततेवर बोट ठेवले: शंभर अंदाजांतून सर्वांत मोठा निवडला की त्यात चूक सर्वांत मोठी असण्याची शक्यता असते, म्हणून वरचे कार्यक्रम आपोआप फुगलेले दिसतात. त्यानंतर ‘आपल्याच विश्लेषणावर हल्ला करा’ असे काम कर्मचाऱ्यांना देण्यात आले, आणि माहिती ठरावीक ठिकाणांहूनच घेतली जाते, बाहेरच्या जाणकारांशी पुरेसे बोलणे होत नाही, असे दोष स्वतःच मांडले. दिलेल्या अनुदानांचे मागे वळून परीक्षणही आता सुरू झाले आहे. न्यू इन्सेन्टिव्हजच्या बाबतीत प्रत्येक बाळामागचा खर्च अंदाजापेक्षा कमी निघाला, कारण विस्तार झाल्यावर कर्मचाऱ्यांचा खर्च जास्त मुलांवर वाटला गेला. मूळ चाचणीत बीसीजीची व्याप्ती १६ टक्के बिंदूंनी, पेंटाची (पाच आजारांवरच्या लशीची) २१ नी आणि गोवराची १४ नी वाढली होती. पण ही वाढ लस न घेणारे बरेच असतील तिथेच मिळते. एखाद्या भागात नव्वद टक्के मुलांना लस मिळू लागली की बहुतांश रोख रक्कम आधीच येणाऱ्यांना जाते. त्यामुळे या कार्यक्रमाचा पुढचा प्रश्न ‘कुठे सुरू करायचा’ इतकाच ‘कुठे थांबवायचा’ हा आहे.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारची परदेशी मदत गोठली आणि गिव्हवेलचे जुने फंजिंगचे अंदाज एका रात्रीत शिळे झाले. ‘आपण नाही दिले तर दुसरा देईल’ हे गृहीतक जिथे उभे होते तिथे दुसरा उरलाच नाही. तातडीची अनुदाने देताना नेहमीचा अनेक महिन्यांचा अभ्यास शक्य नव्हता, आणि तो झाला नाही हे उघड लिहिले, हे बरे केले. पण या घाईतल्या अनुदानांचे परीक्षण दोन-तीन वर्षांनी इतरांइतकेच कठोर व्हायला हवे.

वापरायचे झाले तर व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. देणगीतून गिव्हवेल कमिशन घेत नाही. कार्ड वापरले तर कार्ड कंपनीचे शुल्क जाते, म्हणून मोठी रक्कम बँकेतून पाठवावी. ‘टॉप चॅरिटीज फंड’ वरच्या चार कार्यक्रमांसाठीच आहे; ‘ऑल ग्रँट्स फंड’ पाण्यातल्या क्लोरिनपासून प्राथमिक चाचण्यांपर्यंत कुठेही जातो, त्यात जोखीम जास्त आणि अपेक्षित उपयोगही. तक्ता वाचायचा असेल तर संस्थेचे पान नको, त्या वर्षीच्या अनुदानाचे पान उघडावे. त्यात ‘मुख्य शंका’, संभाव्यतेसह लिहिलेले अंदाज आणि खर्च-परिणामाचा तक्ता सापडतो. अंदाजांच्या भागात तारखा असतात: अमुक सालापर्यंत अमुक सर्वेक्षणात व्याप्ती इतकी असेल, शक्यता इतके टक्के. ती तारीख उलटून गेली असेल तर निकाल भरला आहे का ते बघा. जुन्या कित्येक पानांवर तो रकाना अजून रिकामाच सापडतो.